चिंगीची फाईल: नागपूरहून जर्मनीला निघालेल्या एका गावठी कुत्रीचं प्रकरण

चिंगी चार वर्षांची गावठी कुत्री. वजन १९ किलो, अंग तांबूस, छाती पांढरी आणि डोकं जरा रुंद. नागपुरातल्या फुटाळा तलावाच्या बाजूला रस्त्यावर पिल्लू असताना सापडली आणि तेव्हापासून एकाच घरात वाढली. जानेवारी २०२५ च्या अखेरीस तिचे मालक, नवरा-बायको दोघंही, तिला घेऊन माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आले. ताईंना स्टुटगार्टच्या एका कंपनीत १५ एप्रिलला रुजू व्हायचं होतं. १२ एप्रिलची मुंबई-फ्रँकफर्ट तिकिटं काढून झाली होती. चिंगीसाठी माझ्याकडून एक हेल्थ सर्टिफिकेट हवं होतं, इतकंच त्यांच्या डोक्यात होतं.

लसीकरणाचं कार्ड बघितलं, मानेवरून स्कॅनर फिरवला. चिप नव्हती. एप्रिलमध्ये चिंगी जाऊ शकत नाही, हे मला तिथेच सांगावं लागलं.

"डॉक्टर, पण रेबीजची लस तर आम्ही दरवर्षी देऊन राहिलो," दादा म्हणाले. "एकही वर्ष चुकवलं नाही. बघा ना कार्डावर."

त्यांचं खरं होतं. चारही वर्षांच्या नोंदी होत्या. चिंगीच्या अंगात त्या लसींचं संरक्षण होतं, त्याबद्दल मला शंका नव्हती. पण युरोपीय संघाच्या नियमात रेबीजची लस मायक्रोचिप बसवल्यानंतरच दिलेली असावी लागते. चिपच्या आधीची लस कागदावर धरली जात नाही, कारण ती याच कुत्र्याला दिली याचा पुरावा काय? कार्डावर 'चिंगी, तांबूस, मादी' असं लिहिलेलं असतं आणि अशा तांबूस माद्या एकट्या फुटाळ्यावर कितीतरी फिरतात. चिपचा पंधरा आकडी नंबर कुत्र्याच्या अंगात असतो आणि तोच कार्डावर, रक्ताच्या नळीवर, प्रयोगशाळेच्या अहवालावर आणि शेवटच्या सरकारी प्रमाणपत्रावर येतो. तो नंबर पडल्यापासूनच कागदांची मोजणी सुरू होते.

म्हणून मी हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. लोक विचारतात, 'कोणकोणते कागद लागतात?' यादी कुठेही मिळते. कुटुंबं अडकतात ती तारखांच्या क्रमात. प्रत्येक कागद आधीच्या कागदाच्या तारखेवर उभा असतो आणि मधला एक जरी आधी-नंतर झाला तरी पुढचे सगळे पुन्हा करावे लागतात.

तारखांचं गणित

भारतातून युरोपीय संघात कुत्रा न्यायचा तर क्रम असा: आधी आयएसओ मानकाची चिप. मग रेबीजची लस. त्या वेळी कुत्रा किमान १२ आठवड्यांचा हवा. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना घ्यायचा आणि संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत रेबीजच्या प्रतिपिंडांची, म्हणजे लसीमुळे रक्तात तयार झालेल्या संरक्षक घटकांची, तपासणी करायची. प्रमाण प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त यायला हवं. आणि नमुना घेतल्याच्या दिवसापासून तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय कुत्रा संघाच्या हद्दीत जाऊ शकत नाही.

ब्रिटन, जपान, अमेरिका यांसारखे देश संघाच्या मान्य यादीत आहेत, तिथून येणाऱ्या कुत्र्यांना ही रक्ततपासणी आणि तीन महिन्यांची थांबणूक लागत नाही. भारत त्या यादीत नाही. रेबीज आपल्याकडे आजही माणसं मारतो. कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवायचा म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला. तीन महिन्यांच्या मुदतीला वैद्यकीय कारण आहे. रेबीजचा विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला अनेक आठवडे, कधी महिने लागतात. लस देण्यापूर्वीच चावा होऊन विषाणू शिरलेला असेल तर तो कुत्रा बहुधा या काळात आजारी पडून दिसतो. म्हणून ओळख, वशिला किंवा जास्त फी यांपैकी कशानेही हे तीन महिने कमी होत नाहीत. पालकांना हे मी आधी समजावते. कारण समजलं की माणूस पळवाट शोधत नाही.

चिंगीला २८ जानेवारीला चिप आणि त्याच बैठकीत लस दिली. चिप आधी आणि लस नंतर, असा क्रम असेल तर दोन्ही एकाच दिवशी चालतं. नमुना १ मार्चला घेतला. तीन महिने १ जूनला पुरे होणार होते. म्हणजे जाणं जूनच्या पहिल्या आठवड्यात.

ताईंचा चेहरा उतरला. नोकरीची तारीख पुढे जाणार नव्हती. "मग मी एकटी जाऊ आणि हिला मागून कार्गोने पाठवू?" असं त्यांनी विचारलं. हा पर्याय सगळ्यांना सुचतो आणि त्यात एक खाच आहे. ती पुढे सांगते.

चिप म्हणजे काय आणि काय नाही

तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, आत एक छोटं सर्किट. बॅटरी नाही. जाड सुईने ती मानेच्या डाव्या बाजूला किंवा दोन्ही खांद्यांच्या मधे कातडीखाली सोडतात. स्कॅनर जवळ नेला की त्याच्या लहरींवरच ती जागी होते आणि नंबर सांगते. कुत्रा कुठे आहे हे ती सांगत नाही. हरवलेला कुत्रा मोबाईलवर दिसेल अशा आशेने चिप बसवणारे बरेच भेटतात, त्यांना हे आधीच सांगितलेलं बरं.

चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, पंधरा आकडी असावी. जुन्या किंवा स्वस्त चिपा कधी दहा आकडी असतात; तिकडच्या स्कॅनरला त्या वाचता आल्या नाहीत तर मालकाने स्वतःचा स्कॅनर बरोबर न्यावा लागतो. चिपच्या पाकिटात त्याच नंबराचे बारकोडचे स्टिकर येतात. एक कार्डावर, एक माझ्या नोंदवहीत, एक मालकाच्या फाईलमध्ये. नंबर हाताने उतरवून घेण्याची वेळ येऊच नये. पंधरा आकड्यांत दोन जागा उलट्या पडायला एक गडबडीची संध्याकाळ पुरते आणि मग प्रयोगशाळेचा अहवाल भलत्याच कुत्र्याचा ठरतो.

चिप सोडण्याआधी सुईतली चिप स्कॅन करते, सोडल्यावर पुन्हा स्कॅन करते. लस देताना, रक्त घेताना, प्रमाणपत्र लिहिताना, प्रत्येक वेळी स्कॅनर फिरवून पडद्यावरचा नंबर मालकाला मोठ्याने वाचायला सांगते. दादा वाचायचे, मी कार्डावर बोट ठेवून जुळवायची. चिंगीला त्या टिंग आवाजाची सवय झाली. आवाज झाला की ती स्वतःच टेबलावरून उतरायला निघायची.

कार्डावरचे दोन शब्द

या प्रकरणातली सगळ्यात अवघड गाठ लसीची नव्हती. चिंगीच्या जुन्या कार्डावर पहिल्याच पानावर, जात या रकान्यात, 'पिट क्रॉस', म्हणजे पिटबुलचा संकर, असं लिहिलेलं होतं.

पिल्लू असताना तिला जिथे पहिल्यांदा दाखवलं तिथे कोणीतरी रुंद डोकं बघून अंदाजाने ते लिहिलं असावं. घरच्यांनी त्याकडे कधी लक्ष दिलं नाही. उलट पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे. भारतात त्या दोन शब्दांनी काही बिघडत नव्हतं. जर्मनीत मात्र २००१ पासून पिटबुल टेरिअर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरिअर, स्टॅफर्डशायर बुल टेरिअर आणि बुल टेरिअर या चार जाती आणि त्यांचे संकर देशात आणायला बंदी आहे. त्यावर प्रत्येक राज्याच्या आपापल्या याद्या वेगळ्या. म्हणजे कोणाच्या तरी अंदाजाचे ते दोन शब्द फ्रँकफर्टच्या तपासणीत चिंगीला अडवायला पुरेसे होते.

ते खोडून 'देशी' लिहायचं का, असं काकांनी, म्हणजे ताईंच्या वडिलांनी, विचारलं. मी नाही म्हटलं. खाडाखोड केलेलं कार्ड संशयाला आमंत्रण देतं, आणि कुत्रा खरंच त्या जातीचा असेल तर तिकडे गेल्यावर त्याचे हाल होतील. आधी खरं काय ते बघायला हवं होतं. चिंगीचं मी नीट मोजमाप घेतलं: लांब पाय, निमुळती कंबर, वर वळलेली शेपटी, मध्यम लांबीचा जबडा, बदामी डोळे, छाती खोल पण अरुंद. डोकं रुंद दिसत होतं त्याचं कारण चांगलं खाणंपिणं. तरी एकटीच्या मतावर थांबले नाही. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, १९५८ पासून चालत आलेल्या आमच्या जुन्या कॉलेजात, तिला दाखवायला पाठवलं. तिथेही तेच म्हणणं आलं: इंडियन परिया, आपली गावठी.

मग चिपच्या नंबराने नवं कार्ड उघडलं, त्यावर तपासणीअंती ठरलेली जात लिहिली, आणि जातीबद्दलचं माझं लेखी मत फोटोंसह फाईलमध्ये लावलं. जुनं कार्ड लपवलं नाही. मालकांनी बरोबर नेलं. जुन्या लसी तशाही धरल्या जाणार नव्हत्या, त्यामुळे पुढच्या सगळ्या कागदांचा आधार नवं कार्डच होतं.

माझ्या व्यवसायातल्या लोकांशी मला इथे कळकळीने बोलायचं आहे. आपण लसीचं कार्ड घाईत भरतो. जात अंदाजाने, जन्मतारीख साधारण, बॅच नंबराच्या जागी नुसती रेघ, सहीच्या जागी दवाखान्याचा शिक्का. चिंगीच्या जुन्या कार्डावर दोन वर्षांच्या नोंदी एका लसीकरण शिबिरातल्या होत्या. तिथे लसीचं नावही नव्हतं, फक्त 'एआरव्ही', म्हणजे नुसतं 'रेबीजची लस', आणि तारीख. आपल्यासाठी ते कार्ड म्हणजे पुढच्या वर्षीची आठवण. पण त्या घरातलं कोणी कधी परदेशी निघालं तर तोच सरकारी पुरावा ठरतो. लसीचं नाव, कंपनी, बॅच नंबर, दिल्याची तारीख, वैधतेची शेवटची तारीख, चिप नंबर, डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक हे सगळं लिहायला दोन मिनिटं लागतात. कुपीवरचं स्टिकर काढून चिकटवलं की निम्मं काम आपोआप होतं.

रक्त, नळी, बर्फ

१ मार्चच्या सकाळी चिंगीला उपाशीपोटी बोलावलं. खाल्ल्यानंतरच्या रक्तात चरबी तरंगते आणि सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा पातळ भाग, दुधाळ होतं. तसा नमुना प्रयोगशाळा परत पाठवू शकते. पुढच्या पायाच्या शिरेतून रक्त सावकाश घेतलं, कारण सिरिंज जोरात ओढली तर रक्तपेशी फुटतात आणि सीरम लालसर होतं. दादांनी तिचं डोकं कुशीत धरलं होतं. साध्या लाल झाकणाच्या नळीत रक्त गोठू दिलं, मग सेंट्रिफ्यूजमधून फिरवून वरचं पिवळसर स्वच्छ सीरम दुसऱ्या निर्जंतुक नळीत काढलं. नळीवर चिप नंबराचं स्टिकर, नमुना घेतल्याची तारीख. थंड पॅक, थर्माकोलचा डबा, आणि माझ्या सहीचा अर्ज.

ही तपासणी कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजीत होत नाही. एफएव्हीएन नावाच्या या चाचणीत कुत्र्याचं सीरम प्रयोगशाळेतल्या जिवंत रेबीज विषाणूसमोर ठेवून ते त्याला किती निष्प्रभ करतं हे बघतात. त्यासाठी तशी सुरक्षित प्रयोगशाळा लागते आणि संघाने मान्य केलेल्यांची यादी संघ स्वतः प्रसिद्ध करतो. किटवर केलेल्या झटपट चाचणीचा अहवाल कितीही चांगला असला तरी तिथे चालत नाही. आम्ही नमुना यादीतल्या परदेशी प्रयोगशाळेत पाठवला.

अहवाल मार्च सरता सरता आला, ०.५ च्या कितीतरी वर. मला तशीच अपेक्षा होती. ज्या कुत्र्याला आधी अनेकदा लस मिळालेली असते त्याचं शरीर एका डोसलाही जोरदार उत्तर देतं. म्हणजे 'वाया गेलेल्या' त्या चार वर्षांच्या लसी कागदावर शून्य असल्या तरी चिंगीच्या रक्तात कामाला आल्या. लहान पिल्लांत किंवा पहिल्यांदाच लस घेणाऱ्यांत एका डोसनंतर आकडा कमी पडू शकतो. तिथे मी दोन डोस देऊन मगच नमुना घ्यायचा सल्ला देते. आणि लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवलेलीच हवी. नागपूरच्या उन्हाळ्यात लाईट गेले की फ्रिजमधल्या लसींकडे आधी धावावं लागतं.

पास झालेल्या या अहवालाला मुदत नसते, पण एका अटीवर: पुढची रेबीजची लस कधीही वैधता संपण्याच्या आत दिलेली असली पाहिजे. एकदा खंड पडला की लस, तीस दिवस, नमुना, तीन महिने, सगळं पहिल्यापासून.

कुत्री कोणाच्या नावावर

आता मघाची खाच. संघाचे सोपे नियम आहेत ते मालकाबरोबर जाणाऱ्या पाळीव प्राण्यासाठी. कुत्रा मालकाबरोबर, किंवा मालकाने लेखी अधिकार दिलेल्या माणसाबरोबर, मालकाच्या प्रवासाच्या आधी किंवा नंतर पाच दिवसांच्या आत गेला पाहिजे. त्यापेक्षा अंतर वाढलं तर तो प्रवास व्यापारी वाहतुकीत मोडतो. प्रमाणपत्र वेगळं, अटी जास्त कडक, प्रवेशाची जागाही वेगळी. ताई एप्रिलमध्ये आणि चिंगी जूनमध्ये असं झालं असतं तर नेमकं हेच घडलं असतं.

उपाय घरातच होता. दादांचा व्हिसा झालेला होता आणि त्यांना घाई नव्हती. चिपच्या नोंदणीवर आणि पुढच्या सगळ्या कागदांवर मालक म्हणून त्यांचं नाव घातलं. ताई १२ एप्रिलला ठरल्याप्रमाणे गेल्या, दादांनी आपलं तिकीट जूनवर नेलं. पहिल्याच भेटीत हा निर्णय झाला म्हणून तो निभावला. प्रयोगशाळेच्या अर्जावर ताईंचं नाव गेलं असतं तर नंतर प्रत्येक टेबलावर खुलासे करत बसावं लागलं असतं.

नावाबद्दल आणखी एक. आपल्याकडे रोजच्या वापरात नाव आणि आडनाव, पासपोर्टवर मात्र मधे वडिलांचं नाव. दवाखान्यात तर कुत्रा 'चिंगीचे पप्पा' याच नावावर नोंदलेला असतो! मालकाचा पासपोर्ट समोर ठेवून, त्यातल्या स्पेलिंगप्रमाणे अक्षर न् अक्षर उतरवायचं, हा माझा शिरस्ता आहे.

तिकीट आणि पिंजरा

एजंटने पॅरिसमार्गे स्वस्त तिकीट सुचवलं होतं. मी नको म्हटलं. संघाच्या हद्दीत ज्या देशात पहिलं पाऊल पडतं तिथे तपासणी होते आणि प्रमाणपत्राचा नमुना इंग्रजीबरोबर त्या देशाच्या भाषेत असावा लागतो. पॅरिसमध्ये उतरलं तर फ्रेंच, फ्रँकफर्टला थेट उतरलं तर जर्मन. विमान बदललं की फॉर्म बदलतो, हे तिकीट काढणाऱ्याला ठाऊक नसतं. नागपूरहून थेट दोहाला विमान जातं, त्याचीही चौकशी काकांनी केली. पण सरकारी प्रमाणपत्र देणारं केंद्र नागपुरात नाही. त्या कागदासाठी मुंबई गाठायचीच होती, मग तिथूनच उडालेलं बरं.

१९ किलोची कुत्री केबिनमध्ये बसत नाही, ती खाली प्राण्यांसाठीच्या, हवेचा दाब आणि तापमान राखलेल्या कप्प्यात जाते. पिंजऱ्याचं माप आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमाने: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग, ही आतली लांबी. खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट, ही रुंदी. उभी राहिली की कानाच्या टोकापर्यंत, त्यात अंथरूण धरून, ही उंची. आंतरराष्ट्रीय प्रवासाला चारही बाजूंना हवेची जाळी, आणि दार न उघडता बाहेरून पाणी ओतता येईल असं भांडं. इतवारीच्या बाजारातला तारेचा पिंजरा यात बसत नाही.

पिंजरा एप्रिलमध्येच आणून हॉलमध्ये दार उघडं ठेवून मांडायला सांगितलं. जेवण आत, तिची जुनी गोधडी आत. मे महिन्यात चिंगी दुपारची झोप आपणहून त्यात काढायला लागली. काकांना झोपेची गोळी हवी होती, "बिचारी घाबरेल जी." मी साफ नकार दिला. गुंगीतल्या कुत्र्याचा रक्तदाब आणि श्वास उंचीवर सांभाळला जात नाही, तोल जातो, आणि विमान कंपन्या गुंगीचं औषध दिलेला प्राणी घेत नाहीत. सवयीचा पिंजरा हेच त्यावरचं औषध.

इंटरनेटवर वाचून दादांनी फीतकृमीच्या औषधाची तारीख विचारली होती. ते औषध ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा, नॉर्वे अशा ठिकाणी, पोहोचण्याच्या २४ ते १२० तास आधी, डॉक्टरांच्या नोंदीसह द्यावं लागतं. जर्मनीला नाही. एका देशाचा नियम दुसऱ्याला लावू नये. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम आणले. सहा महिन्यांचं किमान वय सगळ्याच कुत्र्यांना, आणि भारत त्यांच्या जास्त धोक्याच्या यादीत असल्याने वेगळे फॉर्म आणि ठरावीक विमानतळच. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट कुत्रा घेतच नाही.

मुंबई

प्रमाणपत्र देतं केंद्र सरकारचं ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस, लोक ज्याला एक्यूसीएस म्हणतात. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद आणि बंगळुरू इथे त्याची केंद्रं आहेत. माझं हेल्थ सर्टिफिकेट हा त्यांच्यासाठीचा एक जोडकागद. संघाच्या नमुन्यावर सही करायचा अधिकार त्यांच्या अधिकाऱ्याचा. कुत्रा प्रत्यक्ष समोर न्यावा लागतो.

या प्रमाणपत्राचं आयुष्य दहा दिवसांचं: सही झाल्यापासून प्रवेशाच्या ठिकाणी तपासणी होईपर्यंत. तारखा आम्ही त्यावरून लावल्या. तपासणी बुधवारी ४ जूनला, विमान गुरुवारी ५ जूनच्या रात्री. शनिवारी ७ जूनला बकरी ईद, पुढे रविवार. विमान रद्द झालंच तर कागद १४ जूनपर्यंत चालणार होता, सुट्ट्या गेल्या तरी हातात दिवस उरत होते.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, नुकताच सरत होता, म्हणून दादा सोमवारी २ जूनला रात्रीच गाडीने निघाले. समृद्धी महामार्ग तेव्हा इगतपुरीपर्यंत खुला होता. उरलेला आमणेपर्यंतचा टप्पा नेमका ५ जूनला सुरू झाला. पुढे कसारा घाट उतरून सकाळी ठाण्याला मावशीकडे. रेल्वेचा पर्याय पाहिला होता. पण कुत्रा आपल्याजवळ ठेवायचा तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे काढावा लागतो, नाहीतर तो गार्डच्या डब्यातल्या खोक्यात जातो. जूनच्या उकाड्यात त्या खोक्यात चिंगीला पाठवायला मीच तयार नव्हते.

केंद्रावर आधी वेळ घेतलेली होती. अर्ज, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, चिंगीचे फोटो, नवं कार्ड, प्रयोगशाळेचा मूळ अहवाल, माझं प्रमाणपत्र, आणि ही कुत्री विक्रीसाठी नेत नसल्याचं मालकाचं सहीचं निवेदन. अधिकाऱ्यांनी चिप स्कॅन केली, नंबर चार कागदांवर जुळवला, दात, डोळे, कातडी पाहिली. कातडीत गोचीड सापडली तर निष्कारण प्रश्न उठतात, म्हणून मेच्या अखेरीस गोचिडांचं औषध दिलं होतं.

छापील नमुन्यात एकाखाली एक पर्यायी वाक्यं असतात: मान्य देशातून आला, अमान्य देशातून आला, फीतकृमीचं औषध दिलं, दिलं नाही. लागू नसलेलं प्रत्येक वाक्य अधिकाऱ्याने खोडून तिथे सही आणि शिक्का द्यायचा. सही आणि शिक्क्याची शाई छपाईच्या रंगापेक्षा वेगळी हवी, कारण काळ्यावर काळी सही झेरॉक्ससारखी दिसते. दादांना मी सांगून ठेवलं होतं की कागद हातात आला की तिथेच खुर्चीत बसून तो पहिल्या ओळीपासून वाचा. त्यांनी वाचला. एका पानावर फीतकृमीचं वाक्य खोडायचं राहिलं होतं. अधिकाऱ्यांनी लगेच ते खोडून सही-शिक्का दिला. मुंबईत दोन मिनिटांत झालेलं हे काम फ्रँकफर्टला झालं नसतं.

फ्रँकफर्ट आणि नंतर

६ जूनला सकाळी दादा चिंगीचे कागद घेऊन कस्टम्सच्या लाल मार्गाने गेले. पाळीव प्राणी असेल तर हिरव्या मार्गाने सरळ बाहेर पडायचं नसतं. चिप वाचली, अहवालातली नमुन्याची तारीख पाहिली, तीन महिने मोजले, जातीचा रकाना पाहिला आणि फोटोंसह जोडलेलं माझं मत वाचलं. मग शिक्का दिला. तेव्हाच्या नियमाने तपासणी झालेलं हेच प्रमाणपत्र पुढे चार महिने संघातल्या इतर देशांत फिरायलाही चालणार होतं, पण त्याच्या आत तिथल्या डॉक्टरांकडून संघाचा पाळीव प्राण्यांचा पासपोर्ट करून घ्या, असं मी आधीच सांगितलं होतं. जुलैमध्ये तो झाला. कुत्र्यामागे नगरपालिकेचा वार्षिक कर असतो, त्याचीही नोंदणी ताईंनी केली.

यानंतर एकच तारीख पाळायची उरली होती. जानेवारीत दिलेल्या लसीची वैधता २७ जानेवारी २०२६ ला संपत होती. त्याआधी लस दिली तरच रक्ताचा तो अहवाल जिवंत राहणार, आणि पुढे कधी हे घर चिंगीसह नागपूरला येऊन परत गेलं तरी तीन महिने पुन्हा थांबावं लागणार नाही. ताईंनी डिसेंबरमध्येच स्टुटगार्टच्या डॉक्टरांकडे लस घेतली आणि पासपोर्टच्या त्या पानाचा फोटो मला पाठवला. बॅचचं स्टिकर लावलेलं आहे, दिल्याची तारीख आणि वैधतेची तारीख दोन्ही स्पष्ट आहेत, सही स्टिकरवरून अर्धी कागदावर आलेली आहे. मी तो फोटो चिंगीच्या फाईलमध्ये लावला आहे, आणि आता दवाखान्यात पिल्लू घेऊन पहिल्यांदा येणाऱ्यांना पहिल्या रेबीजच्या लसीआधी चिपबद्दल विचारते.